आधी मीटर बघ, मग अँटेना

साइटवर पोचलीस की मान वर करून टॉवरकडे बघत उभी राहू नकोस. नवखे इंजिनिअर हटकून तेच करतात. तू आधी कुंपणाच्या आत जा, विजेचा मीटर बघ, बॅटरीच्या कपाटाचं दार उघड, डिझेलच्या टाकीला कुलूप आहे का ते बघ. फायबर जमिनीतून ज्या नळीतून वर येतं, तिचं तोंड नीट बुजवलंय की उंदरांसाठी उघडं ठेवलंय, तेही बघ. वरचा रेडिओ कारखान्यातून तपासून आलेला असतो, तो सहसा दगा देत नाही. दगा खालचं सामान देतं.

ताई म्हणाली, तुझ्याकडे फाइव्ह-जीसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दिलंय आणि तू रात्र रात्र कंपनीची मॅन्युअलं वाचत बसतेस. वाच, त्याला माझी ना नाही. मी खात्यात ट्रंक कॉल बुक करायच्या काळापासून होतो, तुझे ते बीम आणि स्लाइस मला अर्धेमुर्धेच कळतात. पण वीज, पाणी, माती आणि माणसं काही बदललेली नाहीत, आणि त्यांच्याबद्दल मॅन्युअलात काही नसतं.

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत प्रगती मैदानावर फाइव्ह-जीचं उद्घाटन झालं आणि पुढच्या १० महिन्यांत देशभरात ३ लाख साइट उभ्या राहिल्या. वेग खराच होता. तो आला कुठून, ते मात्र समजून घे. बहुतेक ठिकाणी टॉवर जुना, वीजजोडणी जुनी, फायबर जुनं. वर नवा रेडिओ टांगला की साइट चालू. पुण्या-ठाण्यात हे खपून गेलं. तुझ्या वाट्याला आलंय ते त्याच्या पुढचं काम. सडे, घाट, खाड्या, चार वाड्यांचं एक गाव आणि प्रत्येक वाडी वेगळ्या उतारावर. इथे पुण्याचा वेग धरायला गेलीस तर कागदावर साइट चालू दिसेल आणि वाडीत फोन लागणार नाही.

वरचे साहेब घाई करतील. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांचंही गणित आहे. २०२२ च्या लिलावात सात दिवसांत १,५०,१७३ कोटी रुपयांच्या लहरी विकल्या गेल्या आणि ते पैसे वीस वार्षिक हप्त्यांत फेडायची सोय दिली गेली. हप्त्याची तारीख पाऊस बघत नाही. म्हणून ३१ मार्च जवळ आला की तुला ‘ऑन-एअर दाखव’ असा फोन येणार. दाखव, पण तपासणीच्या कागदावर सही करताना जे झालं नाही त्यापुढे ‘बाकी’ असं स्वतःच्या हातानं लिही. पावसाळ्यात साइट पडली की तो एक शब्दच तुझ्या बाजूनं बोलेल.

आता वीज. फाइव्ह-जीचा मोठा रेडिओ, तो ६४ अँटेनावाला, जुन्या फोर-जीच्या रेडिओपेक्षा बराच जास्त करंट खातो. जुन्या साइटवर तो टांगलास की चार गोष्टी एकदम कमी पडतात: महावितरणचा मंजूर भार, मीटरपासून कपाटापर्यंतची केबल, ४८ व्होल्टचे रेक्टिफायर आणि बॅटरी. पहिल्या तिन्ही वाढवल्या जातात, कारण त्याशिवाय साइट चालूच होत नाही. बॅटरी मात्र तशीच राहते, कारण लाइट असेपर्यंत तिचं काम पडत नाही. मग जी बॅटरी आधी सहा तास खेचायची, ती दोन-अडीच तासांत मान टाकते. म्हणून नवा रेडिओ चढवलास की त्याच दिवशी मेन स्विच बंद करून बॅटरीवर साइट किती वेळ तगते ते घड्याळ लावून बघ. कंपनीच्या तक्त्यातला आकडा घेऊ नकोस.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कितीतरी गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. विजेचे खांबच आडवे झाल्यावर टॉवर उभा असून काय उपयोग? अशा वेळी जनरेटर चालतो तो डिझेलवर, आणि डिझेल येतं रस्त्यानं, आणि रस्त्यावर पडलेली असतात झाडं. मेअखेरीला कोणत्या साइटपर्यंत गाडी जाते, कुठे कॅन डोक्यावर न्यावा लागतो, कुठे पऱ्या आडवा येतो याची यादी करून ठेव. त्या भागातल्या वायरमनचा नंबर ठेव, आणि नुसता नंबर ठेवू नकोस, ओळख ठेव. गावात लाइट आली की साइटला आधी द्यायची का नंतर, हे पुष्कळदा तोच ठरवतो.

अर्थिंगचं एक गुपित सांगतो. कोकणातल्या जांभ्यात विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. ठेकेदार अर्थिंगचं माप ऑगस्टमध्ये घेऊन दाखवतो, तेव्हा जमीन चिंब असते आणि मीटरवर सुंदर आकडा येतो. तू माप मेमध्ये घे, सडा तापून भेगाळला असताना. वळिवाची वीज पडते ती त्याच दिवसांत. मेमधलं माप पास झालं तर बारा महिने चिंता नाही.

फायबरचं दुखणं वेगळं आहे. फाइव्ह-जीच्या एका चांगल्या सेक्टरमधून गिगाबिटच्या वर माल निघू शकतो. त्याला मागून मायक्रोवेव्हची तीन-चारशे मेगाबिटची लिंक जोडली तर वरची सगळी गंमत फुकट. ‘फायबर नाही तिथे ई-बँड लावू, दहा गिगाबिट देतो,’ असं तुला कुणीतरी सांगेल. देतो, सोलापुरात देतो. त्या लहरी ८० गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळला की एका किलोमीटरमागे साधारण ३० डेसिबल जातात, म्हणजे हजारातला एक भाग उरतो. आणि आंबोलीच्या खाली तसा पाऊस येतो, पुन्हा पुन्हा येतो. लिंक लावायचीच असेल तर अंतर अगदी तोकडं ठेव आणि जोडीला खालच्या फ्रीक्वेन्सीची एक बारीक लिंक चालू ठेव, म्हणजे जुलैत निदान बोलणं आणि यूपीआय चालेल. दुकानदाराला तेवढं पुरतं. सिनेमा थांबला तर तो शिव्या देत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे अडकले तर देतो.

फायबर जमिनीखाली गेलं म्हणजे सुटलो असं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण तू लहानपणापासून बघतेस. जेसीबीचा एक घास आणि तालुका मुका. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्रानं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं, खोदण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते विचारायला. चांगलं आहे, वापर. पण जेसीबीवाला ॲप बघत नाही, तो मुकादमाकडे बघतो. त्या टप्प्याचा मुकादम कोण, उद्या कुठे खोदणार, हे संध्याकाळी एका फोनवर कळतं. त्याला तुझ्या केबलची वाट एकदा पायी चालून दाखव. आणि पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदायची परवानगी बंद होते हे लक्षात ठेवून अर्ज दिवाळीआधीच टाक.

‘आमची रिंग आहे, एक बाजू तुटली तर दुसरीकडून चालेल,’ असं नकाशा दाखवून सांगतील. नकाशावर ती गोल दिसते. तू प्रत्यक्ष गाडी घेऊन दोन्ही वाटांनी जा. निम्म्या वेळा दोन्ही वाटा खाडीवरच्या एकाच पुलावरून, एकाच पाइपातून गेलेल्या असतात. पूल एक तर रिंग कसली?

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं तेव्हा बाजारपेठेत तळमजले बुडाले होते. अशा गावात कपाट किती उंच चौथऱ्यावर ठेवायचं हे कुठल्या पुस्तकात शोधू नकोस. पेठेतल्या सगळ्यात जुन्या दुकानदाराला विचार, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. त्याच्या वर आणखी हातभर चढव.

लहरींबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी एक सांगतो. ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी उघड्यावर झकास धावतात आणि चिऱ्याच्या जाड, भिजलेल्या भिंतीपुढे थकतात. ७०० च्या लहरी घरात शिरतात, पण त्यात रुंदी कमी. २०२२ च्या लिलावात ७०० घेणारी कंपनी एकच होती. बाकीच्यांना आत पोचायला फोर-जीच्या जुन्या लहरींचा आधार घ्यावा लागतो. तुझ्या हाताशी जे असेल ते असेल, पण चाचणी घराच्या आत घे. ओटीवर, माजघरात, मागच्या पडवीत. कौलारू घर आणि स्लॅबचं घर वेगवेगळं धर. आणि वेळ रात्री आठ ते दहाची. सकाळी अकरा वाजता रस्त्यावरून बोलेरो फिरवून काढलेला वेग कुणाच्या कामाचा? त्या वेळी गाव शेतात नाहीतर बाजारात असतं.

फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसतं म्हणून ते चालतंय असं धरू नकोस. आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. एकात फाइव्ह-जी फोर-जीच्या खांद्यावर बसून चालतं, दुसऱ्यात त्याचा गाभाच वेगळा. पहिल्या तऱ्हेत फोर-जीच्या सेलनं ‘इथे फाइव्ह-जी मिळू शकतं’ एवढं जाहीर केलं की काही फोन चिन्ह दाखवायला लागतात, प्रत्यक्षात माल फोर-जीनंच येत असतो. गिऱ्हाईक चिन्ह बघून तक्रार करतं आणि तुझी माणसं फाइव्ह-जीचा रेडिओ तपासत बसतात. दुखतं भलतीकडेच. उलटही होतं: २०२२ च्या ऑक्टोबरात नेटवर्क सुरू झालं तेव्हा महागडे आयफोन हातात असलेल्यांना ते मिळेना, कारण त्यांचं सॉफ्टवेअर अपडेट डिसेंबरात आलं. तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा, हँडसेट कोणता? दुसरा, घरात की अंगणात?

जीपीएसच्या छोट्या अँटेनाकडे कुणी बघत नाही, तिच्याकडे बघ. या लहरींवर पाठवणं आणि ऐकणं आळीपाळीनं चालतं आणि सगळ्या साइटची घड्याळं दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात. ती वेळ जीपीएसकडून येते. माडाची झावळी त्या अँटेनावर टेकली किंवा केबल उंदरानं कुरतडली की ती साइट चुकीच्या वेळी बोलायला लागते आणि शेजारच्या चार साइट बहिऱ्या होतात. अलार्म येतो त्या चारांवर. ज्या साइटवर काहीच अलार्म नाही, तिथे माड वाढलाय का ते बघ.

चिपीच्या विमानतळाजवळ जागा बघत असशील तर थांब. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं विमानांच्या उंचीमापकाला अडथळा नको म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झच्या साइट नकोत असं कंपन्यांना कळवलं होतं. करार करण्याआधी आजची स्थिती विभागाकडून लेखी मागून घे.

आता जागा. सातबारावर एक नाव दिसलं तरी वारस मोज. एक भाऊ गावात, दुसरा लालबागला, तिसरा विरारला, बहीण पनवेलला. गावातला भाऊ उत्साहानं सही करतो, भाड्याचा पहिला चेक येतो आणि दुसऱ्या महिन्यात विरारचा भाऊ गेटला कुलूप लावून जातो. कायद्यानं तू बरोबर असशील. कुलूप तरी कुलूपच. म्हणून सह्या गणपतीत घे. चाकरमानी सगळे घरात असतात, मन प्रसन्न असतं, वडीलधारी माणसं समोर असतात. कागद आधी तयार करून ठेव. पहिल्या दिवशी जाऊ नकोस. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या गाडीची धावपळ सुरू व्हायच्या आत जा. भाडं कुणाच्या खात्यात किती, हे त्याच बैठकीत सगळ्यांसमोर लिहून घे.

आणि ते भाडं वेळेवर जाईल याचा पाठपुरावा तूच कर. हिशोब खातं तुझं नाही, मला माहीत आहे. पण भाडं थकलं की मालक हिशोब खात्याला फोन करत नाही, तो साइटचा फ्यूज काढतो.

गावातली सर्वांत उंच जागा पुष्कळदा देवाची असते, नाहीतर राई असते. संगणक तीच जागा दाखवेल, कारण त्याला उंची कळते, मानकरी कळत नाहीत. ती मागूही नकोस. खालच्या टेपावर थोडा उंच टॉवर घे, पैसे जास्त लागतील. २०२२ च्या दुरुस्तीनं खासगी जागेतल्या टॉवरसाठी स्थानिक संस्थेची परवानगी घेण्याऐवजी लेखी कळवणं पुरेसं केलं आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियमही आले. कायदा तुझ्या बाजूनं आहे. तरी सरपंचाकडे आधी जा, चहा पी, आणि खोदाईनंतर पाणंद पूर्ववत करून देईन असं सांग आणि दे.

रेडिएशनचा विषय निघणारच. चिमण्या मरतात, आंब्याला मोहोर येत नाही, सगळं ऐकून घे. हसू नकोस. २०२१ मध्ये जुही चावला यांचा फाइव्ह-जीविरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयानं फेटाळला, हे उदाहरण तर मुळीच देऊ नकोस. कोर्टाच्या दाखल्यानं कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. एवढं सांग की आपल्या देशानं २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलीय, आणि तरंग संचार या सरकारी पोर्टलवर फी भरून कुणालाही मोजणी मागता येते. ती फी कंपनीकडून भरायला लाव आणि मोजणीच्या दिवशी जो सर्वांत मोठ्यानं ओरडत होता त्यालाच मीटर हातात धरायला दे. शंका राहिली तर राहू दे, सगळ्यांना पटवणं तुझं काम नाही.

माणूस वर चढवण्याबद्दल एकच बोलतो, पण इथे मी कडक आहे. तुझा रिगर दोन-तीन ठेकेदारांच्या साखळीतून आलेला पोरगा असतो, रोजावरचा. त्याला ‘नाही’ म्हणायची सोय नसते, म्हणून ‘नाही’ तू म्हणायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले की चढणं बंद. पाऊस थांबला की लगेच चढणं नाही. पट्टा दुहेरी, एक हुक सुटला तरी दुसरा अडकलेला पाहिजे. अँटेनाच्या पुढे काम असेल तर रेडिओ बंद करून, बंद झाल्याची खात्री केल्यावरच. आणि चढण्याआधी खालून दुर्बिणीनं आग्या मोहोळ बघायचं. साठ मीटरवर मधमाश्या उठल्या तर माणसाला पळायला जागा नसते. महिनाअखेर असो, साहेब खाली उभे असोत, काही असो.

गणपतीचं आणखी एक. कोकणातल्या नेटवर्कची परीक्षा आषाढात होत नाही, चतुर्थीला होते. ज्या वाडीत वर्षभर चाळीस फोन, तिथे दहा दिवस चारशे. आणि हे लोक सिनेमा बघत नाहीत, आरती दाखवतात, दुबईतल्या मुलाला, बोरिवलीतल्या आजारी आत्याला. म्हणजे सगळा भार पाठवण्याच्या बाजूवर. आपल्या लहरींत वेळेचा मोठा वाटा खाली येणाऱ्या मालाला दिलेला असतो, आणि शेजाऱ्यांशी वेळ जुळवून ठेवायची म्हणून तो वाटा तुला एकटीला बदलता येत नाही. तेव्हा जास्तीची क्षमता जुलैतच मागून ठेव. गाडीवरचा तात्पुरता टॉवर मोठ्या गावांसाठी आधी सांगून ठेव. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात सॉफ्टवेअर बदलायला कुणाला हात लावू देऊ नकोस, मुंबईतून कितीही ‘छोटासाच बदल आहे’ असं सांगितलं तरी. तसंच शिमग्याला.

जिथे फोर-जीच धड नाही तिथे फाइव्ह-जीचा रेडिओ न्यायच्या आधी गावात किती फोन त्याचे आहेत ते नेटवर्कमधून काढ. दहातला एक असेल तर तो रेडिओ दुसरीकडे टाक आणि इथे फोर-जीचा एक सेक्टर वाढव. ज्या वर्षी दिल्लीत फाइव्ह-जी सुरू झालं, त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारनं फोर-जीसुद्धा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले होते. करोनात आपल्याकडची पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती, त्यांना पुढचं ‘जी’ नको होतं, घरात तास ऐकायला मिळाला असता तरी पुरे होतं. तुझ्या अहवालात फाइव्ह-जीच्या साइट एकानं कमी दिसतील. तेवढ्यासाठी कारण लिहून पाठव, आकडे जोड, आणि एकदा तरी भांडून बघ.

याच्या उलट, तालुक्याच्या गावी, जिथे घरोघरी फायबर न्यायला कुणी तयार नाही, तिथे फाइव्ह-जी मनापासून लाव. छतावर डबा बसवून घरात वायफाय देण्याचा जो प्रकार २०२३ पासून आलाय, तो गुहागर-मालवणच्या घरगुती खानावळी आणि होमस्टेवाल्यांना खरंच उपयोगी आहे. फक्त एका सेक्टरवर किती डबे जोडायचे याला आधीच मर्यादा घाल. विक्रीवाले थांबणार नाहीत, आणि तीस घरांत संध्याकाळी टीव्ही लागला की रस्त्यावरच्या फोनला काही उरत नाही.

रविवारी येणार आहेस ना? येताना तुझ्या हद्दीतल्या सगळ्या साइटचे गेल्या जून ते सप्टेंबरचे अलार्म छापून आण, तालुकावार. मोबाइलवर पाठवू नकोस, मला कागदावर लागतात. लाल पेन माझ्याकडे आहे.